वाचकांचे प्रश्न : सांगलीत राहावे कोठे?

पावसाळा ओसरू लागला की या सदराकडे घरांविषयीची पत्रे वाढतात. पाणी कोठवर आले, कोणता रस्ता बंद झाला, कोणाच्या जिन्यापर्यंत नाव लागली हे सारे अजून ताजे असते आणि दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर व्यवहार करावा असे घराघरांत बोलणे चाललेले असते. या वेळी तीन पत्रे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण तसाच प्रश्न गावभाग, खणभाग आणि जुन्या पेठांमधील अनेक घरांत आज विचारला जात आहे.

प्रश्न : आम्ही तीन पिढ्या सांगलीच्या गावभागात राहतो. घर जुने असले तरी स्वतःचे आहे. २००५ मध्ये पाणी उंबऱ्याच्या आत आले, २०१९ मध्ये ते जिन्याच्या निम्म्या पायऱ्या चढले आणि २०२१ मध्ये पुन्हा सगळे सामान वर हलवावे लागले. आईचे वय ८२ असून गुडघ्यांमुळे तिला जिना चढता येत नाही. मी पुढील वर्षी निवृत्त होईन. मुलगी पुण्यात नोकरीला आहे. हे घर विकून दुसरीकडे जावे यावर पत्नीचे व माझे एकमत आहे, पण कोठे जावे यावर नाही. विश्रामबागेत लिफ्ट असलेल्या इमारतीतील दोन बेडरूमचा फ्लॅट, हरिपूरच्या बाजूला लहानसा बंगला, मिरजेत रुग्णालयांजवळचा फ्लॅट आणि कुपवाडला रो-हाउस असे चार पर्याय आम्ही पाहिले आहेत. आईला मात्र गणपती मंदिरापासून लांब जायचेच नाही. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : आपल्या पत्रात चार घरांची तुलना आहे, पण त्या तुलनेला हात घालण्यापूर्वी नदीचा हिशेब मांडला पाहिजे. सांगलीत तो टाळून घर निवडता येत नाही. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी समजतात. चाळिशीच्या आसपास पाणी आले की सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता येथील कुटुंबे सामान बांधू लागतात, हे आपण दर पावसाळ्यात पाहत असाल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हाच आकडा ५७ फुटांच्या वर गेला. २०२१ च्या जुलैमध्ये तो ५४ च्या पुढे होता. म्हणजे दोन वर्षांच्या अंतराने दोनदा नदी धोका पातळीच्या वर नऊ-दहा फूट आणि त्याहूनही अधिक चढली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी उतरल्यावर मारुती चौकाच्या मागील गल्लीत माझ्या मावशींचे घर उघडण्यासाठी आम्ही चौघे गेलो होतो. कुलूप निघाले, पण दार ढकलले जाईना, कारण आत फ्रीज तरंगत येऊन दाराला आडवा टेकला होता. भिंतीवर माझ्या छातीच्या उंचीला तपकिरी रेघ उमटली होती, जणू कोणी दोरी लावून ती आखली असावी, आणि रेघेखालचा रंग हाताला साबणासारखा निसटत होता. मावशींनी देव्हाऱ्याकडे किंवा कपाटाकडे न जाता आधी कडधान्यांचे डबे उघडले. मुगाच्या डब्यात पाणी शिरून मुगांना बोटभर मोड आले होते आणि त्याचा आंबूस वास खोलीभर पसरला होता. तो डबा हातात धरून त्या बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून कोणी घराबद्दल विचारले, तर मी दर चौरस फुटाच्या भावाआधी त्या जागेवर २०१९ ला पाणी कोठवर होते हे विचारतो.

पुन्हा असा पूर येईल का, असा प्रश्न आपण पत्रात विचारलेला नाही, पण तो ओळींमध्ये आहे. वरच्या बाजूला १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेचे कोयना धरण आहे. वारणा हरिपूरला, म्हणजे सांगलीच्या अगदी पायथ्याशी, कृष्णेला मिळते. त्याखाली नृसिंहवाडीला पंचगंगा येऊन मिळते. या तिन्ही नद्यांच्या घाटमाथ्यावर एकाच आठवड्यात अतिवृष्टी झाली, की सांगलीला वरून पाणी येत राहते आणि खालून त्याला वाट मिळत नाही. खाली कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या पाण्याच्या फुगवट्याबद्दल तज्ज्ञांमध्ये आणि दोन राज्यांमध्ये वाद आहे, तो येथे सोडवता येणार नाही. मात्र वादाचा निकाल कोणाच्याही बाजूने लागला, तरी गावभागाची उंची बदलत नाही. त्यामुळे स्थलांतराचा आपला विचार मला रास्त वाटतो.

आता हरिपूर. हे गाव मला मनापासून आवडते. संगमेश्वराच्या घाटावर संध्याकाळी बसावे, समोर कृष्णा-वारणेचे पाणी एकमेकांत मिसळताना पाहावे, याहून निवांत जागा सांगलीच्या आसपास सापडणे कठीण आहे. निवृत्तीनंतरचा बंगला म्हटल्यावर आपल्या मनात हेच चित्र असणार. परंतु हळद साठवण्याची जी जमिनीखालची पेवे हरिपुरात पिढ्यान्‌पिढ्या वापरली जात होती, त्यांचीही २००५ च्या पुराने दैना केली, हे लक्षात घ्या. पेव कोठे खणावे हे कळणाऱ्या जुन्या लोकांनी निवडलेल्या जागांची ती गत झाली असेल, तर अलीकडे पाडलेल्या प्लॉटच्या भरवशावर आईंना तेथे नेऊ नये. गावात उंचावरची घरे नाहीत असे नाही. पण संगमाकाठच्या गावातून बाहेर पडण्याच्या वाटांवर पाणी आले, तर कोरड्या घरातही माणूस अडकून पडतो, आणि ८२ वर्षांच्या व्यक्तीला रात्री दवाखान्यात न्यावे लागले तर नाव किंवा ट्रॅक्टर शोधावा लागेल. एका पुरातून उठून दुसऱ्या पुराच्या काठी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सांगलीवाडीचा पर्याय आपण पाहिलेला नाही, ते बरेच झाले. नदी ओलांडून रोज येणे-जाणे असलेल्या घराला हीच अडचण आहे.

तरीही कोणाला नदीजवळचीच जागा घ्यायची असेल, तर निळी आणि लाल पूररेषा नकाशावर पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळ्या रेषेने दाखवतात आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषेने. निळ्या रेषेच्या आत निवासी बांधकामाला परवानगी नाही. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात बांधायचे असल्यास जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच असावे लागते. "येथे पाणी येत नाही, फक्त रस्त्यावर येते," असे मध्यस्थाने सांगितले तर त्या रस्त्याची आणि जोत्याची पातळी मोजून घ्यावी. शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर २०१९ ची रेघ अजून दिसत असेल, तर ती नकाशाइतकीच विश्वासार्ह आहे.

विश्रामबागेचे पारडे आपल्या बाबतीत जड आहे, हे मी आताच सांगून टाकतो, पण त्यातील उणिवाही पुढे ठेवतो. १९१९ साली विलिंग्डन महाविद्यालय आणि १९४७ साली वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय या बाजूला सुरू झाले, आणि त्यांच्या आधाराने सांगली-मिरज रस्त्याच्या दोन्ही अंगांना वस्ती वाढत गेली. जागा नदीपासून दूर आणि चढावर आहे. २०१९ मध्ये जुनी सांगली पाण्यात असताना विश्रामबाग कोरडे होते, आणि कितीतरी पूरग्रस्त कुटुंबे तेव्हा तेथील नातेवाइकांकडे राहायला गेली होती. शाळा, बँका, औषधांची दुकाने आणि विजयनगरला गेलेले जिल्हाधिकारी कार्यालय हे सगळे जवळ आहे. या सर्वांमुळेच तेथे भाव चढे आहेत. गावभागातील घर विकून येणाऱ्या रकमेत आपल्याला तेथे क्षेत्रफळ कमी मिळेल, आणि वाड्याच्या सोप्यावर दुपारी खाट टाकून पडण्याची सवय असलेल्या माणसांना फ्लॅटमधील चार भिंती पहिले काही महिने जड जातील.

दुसरी उणीव अशी की सांगली-मिरज रस्ता हाच या भागाचा मुख्य रस्ता आहे आणि त्यावरील वाहनांचा ओघ रात्री उशिरापर्यंत थांबत नाही. इमारत रस्त्याच्या एका बाजूला आणि किराणा, भाजी, डॉक्टर दुसऱ्या बाजूला असतील, तर काठी घेऊन चालणाऱ्या आईंसाठी तो रस्ता म्हणजे दुसरी नदीच होय. म्हणून फ्लॅट पाहताना सदनिकेच्या आत जितका वेळ काढाल, तितकाच फाटकाबाहेर काढा. संध्याकाळी सहाच्या सुमारास आईंना सोबत न्या आणि त्यांच्या चालीने इमारतीपासून जवळच्या दुकानापर्यंत जाऊन परत या. वाटेत फूटपाथ आहे का, तो दुचाकींनी अडवला आहे का, मध्ये टेकायला एखादा कट्टा आहे का, हे त्यांच्या पायांना कळेल ते आपल्याला मोटारसायकलवरून कळणार नाही. घरातील ज्या माणसाची हालचाल सर्वांत कमी, त्याच्या पावलांनी उपनगर मोजावे. बाकीचे आपली सोय कशीही करून घेतात.

लिफ्टबद्दलही थोडे खोलात विचारावे. लिफ्ट आहे एवढ्यावर समाधान मानू नका. वीज गेल्यावर ती चालते का, तिच्या देखभालीचा करार चालू आहे का, आणि तळमजल्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत किती पायऱ्या चढाव्या लागतात, हे पाहा. अनेक इमारतींत लिफ्टपर्यंत जाण्यासाठीच चार पायऱ्या असतात आणि गुडघेदुखीच्या माणसाची खरी परीक्षा तेथे होते. पाण्याची चौकशीही तशीच करावी. महापूर आला आणि नदीकाठची पाणी उपसा यंत्रणा बंद पडली, की उंचावरच्या कोरड्या भागातील नळांनाही पाणी येत नाही. इमारतीला स्वतःची कूपनलिका आणि मोठी टाकी असेल, तर तो आठवडा सुसह्य होतो.

मिरजेचा पर्याय आपण रुग्णालयांसाठी पाहिला असणार, आणि त्यात तथ्य आहे. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केल्यापासून दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकातील रुग्णांची वाट या गावाकडे वळली. १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आणि आज गल्लोगल्ली तज्ज्ञांचे दवाखाने आहेत. मिरज जंक्शनवरून पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर-कुर्डूवाडी अशा चारही दिशांना गाड्या जातात, त्यामुळे मुलीचे येणे-जाणेही सोपे होईल. कृष्णाघाटाचा परिसर वगळला तर मिरज शहराला महापुराची झळ सांगलीच्या मानाने कमी बसते. पण रुग्णालयांच्या अगदी जवळ राहण्याचा त्रासही असतो. बाहेरगावच्या गाड्या दारात उभ्या राहतात, रात्री रुग्णवाहिकांचे भोंगे वाजतात, आणि दुकाने नातेवाइकांच्या गर्दीसाठी मांडलेली असतात, गृहस्थी चालवणाऱ्यांसाठी नव्हे. आपल्या आईंना रोज रुग्णालय लागत नाही, वर्षातून चार-सहा वेळा लागत असेल. विश्रामबागेतून मिरजेच्या रुग्णालयांकडे किंवा उलट दिशेने सांगलीच्या सिव्हिलकडे रिक्षाने थोड्याच वेळात पोहोचता येते. रोजची शांतता त्यासाठी देऊन टाकू नये.

कुपवाडच्या रो-हाउसबद्दल दोनच वाक्ये. तेवढ्याच पैशांत अंगण आणि स्वतंत्र दार मिळते हे खरे आहे, पण तेथील वस्ती औद्योगिक वसाहतीच्या आधाराने वाढलेली असून आपल्या घरात कामावर जाणारे कोणी उरणार नाही. रो-हाउसमध्ये निजण्याच्या खोल्या बहुधा वर असतात, त्यामुळे आईंचा जिना तेथेही सुटत नाही.

राहिला आईंचा गणपती. हा मुद्दा आपण पत्राच्या शेवटी, जणू अडचण म्हणून लिहिला आहे. मी त्याला फार महत्त्व देतो. साठ वर्षे ज्या देवळात माणूस पायी गेला, ज्या पायरीवर त्याच वयाच्या बायका त्याची वाट पाहतात, ते सगळे एका दिवसात काढून घेतले तर कोरडे घर मिळूनही माणूस खचतो. नातेवाइकांमध्ये मी हे घडताना पाहिले आहे. यावर माझी सूचना अशी आहे की घर लगेच विकू नका आणि फ्लॅटही लगेच घेऊ नका. विश्रामबागेत अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने घर घ्या, आणि तो काळ असा निवडा की त्यात एक पूर्ण पावसाळा येईल. महत्त्वाची कागदपत्रे, कपाट, आईंचा पलंग एवढे नव्या जागी न्यावे आणि बाकीचे गावभागातच ठेवावे. ठरलेला एक रिक्षावाला लावून दर मंगळवारी आणि संकष्टीला आईंना मंदिरात न्या, परत आणण्याची घाई न करता. चार-सहा महिन्यांत नव्या इमारतीतही त्यांच्या वयाची सोबत मिळाली, तर खरेदीचा विचार करा. न मिळाल्यास इमारत बदला. भाड्याची रक्कम वाया गेली असे कोणी म्हणेल, पण चुकीच्या फ्लॅटच्या खरेदीत मुद्रांक शुल्कापोटी जे जाते त्यापुढे ती थोडीच आहे.

आणखी एक गोष्ट विक्रीबाबत. पुराच्या पाठोपाठ जुन्या भागातील घरांना गिऱ्हाईक भाव पाडून मागते. घर विकायचे असल्यास ते उन्हाळ्यात, कोरड्या वर्षी, हिस्सेदारांची नावे मिळकत पत्रिकेवर नीट लागल्यानंतर विकावे. तीन पिढ्यांच्या घरात आत्या-काकांचे हक्क अनेकदा नोंदींत तसेच राहिलेले असतात. वारसनोंदीचे ते काम भाड्याच्या या वर्षात उरकून घ्यावे.

प्रश्न : माझी पत्नी मिरजेतील एका रुग्णालयात परिचारिका असून मी कुपवाड एमआयडीसीतील कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो. मुलगा चार वर्षांचा आहे. सध्या माधवनगरला आई-वडिलांजवळ राहतो, परंतु दोघांचेही जाणे-येणे फार होते. विश्रामबागेचे भाडे परवडत नाही. कुपवाडला राहावे की मिरजेत?
— एक वाचक, माधवनगर

उत्तर : परिचारिकेलाही रात्रपाळी असते, म्हणजे आपल्या घरात ती दोघांनाही असणार, म्हणून रात्री दहानंतर आणि पहाटे सहापूर्वी कोणाला किती लांब एकटे जावे लागते, यावर आपला निर्णय ठरवावा. आपण दुचाकीवर जात असाल असे धरतो; पत्नी कशाने जातात हे आपण लिहिलेले नाही. त्या शहर बसने किंवा वडापने, म्हणजे माणसे भरून जाणाऱ्या खासगी गाडीने, जात असतील, तर रात्रपाळी सुटण्याच्या वेळी त्यांपैकी काहीच हमखास मिळत नाही. अशा स्थितीत घर पत्नीच्या कामाच्या जवळ असावे आणि लांबचा प्रवास आपण करावा, असे मला वाटते. मिरजेतून कुपवाड एमआयडीसी दुचाकीने रोज जाण्याजोगी आहे, आणि मिरजेच्या आतल्या गल्ल्यांत विश्रामबागेपेक्षा भाडी उतरती आहेत.

कुपवाडचा विचार पूर्णपणे सोडू नका. घरे मोकळी आहेत, भाडे बेताचे आहे आणि शेजारी बहुतेक पाळीवर जाणारेच असल्याने दुपारी झोपलेल्या माणसाची त्यांना जाणीव असते; ही गोष्ट लहान वाटते, पण रात्रपाळी करणाऱ्याला तिची किंमत कळते. तेथे घर पाहताना दोन गोष्टी स्वतः तपासा. सांडपाण्याची वाहिनी त्या गल्लीत पोहोचली आहे की शोषखड्ड्यावर भागवले जाते, आणि वारा कारखान्यांकडून घराकडे येतो का. दुसरी गोष्ट दिवसा समजत नाही. रात्री नऊनंतर त्या गल्लीत अर्धा तास उभे राहून पाहावे.

माधवनगर सोडण्याआधी मात्र मुलाचा विचार करा. आज आपण दोघेही कामावर असताना तो आजी-आजोबांजवळ असतो, आणि पाळणाघर तीन पाळ्यांत उघडे नसते. चिंतामणीनगरचा रेल्वेपूल पाडून नवा बांधण्याच्या काळात माधवनगरच्या लोकांना जो वळसा पडला, त्याने अनेकांनी घर बदलण्याचे मनावर घेतले. तुमचा कंटाळाही त्याच दिवसांत सुरू झाला असेल, तर रस्त्याची आजची स्थिती धरून पुन्हा वेळ मोजा. आई-वडील सोबत मिरजेला येण्यास तयार असतील, तर जरूर जा. नसतील, तर पत्नीला काही काळ दिवसपाळी मिळते का, हे आधी पाहावे आणि मुलगा पहिलीत जाईपर्यंत घर हलवू नये.

प्रश्न : शामरावनगर परिसरात दोन गुंठ्यांचा प्लॉट स्वस्तात मिळत आहे. मालक म्हणतात की गुंठेवारी आहे, पण सगळे नियमित होते. व्यवहार नोटरीवर करायचा आहे. एप्रिलमध्ये जागा पाहिली, कोरडी ठणठणीत होती. घ्यावी का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : आपण जागा एप्रिलमध्ये पाहिली, तेथेच अर्धी चूक झाली आहे. तो भाग सखल असून माती काळी आहे. उन्हाळ्यात या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगते. पुराचे पाणी आले नाही तरी नुसत्या पावसाचे पाणी तेथे आठवडेच्या आठवडे साचून राहते, कारण त्याला उतार नाही. साचलेल्या पाण्याच्या दिवसांत संडासाची टाकी जमिनीतूनच भरते आणि घर उभे असूनही वापरता येत नाही. त्या परिसरातील सात-आठ वर्षांच्या घरांच्या खिडक्या बाहेरून पाहा. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघालेली दिसली, तर पाया मुरुमापर्यंत नेलेला नाही असे समजावे. तसा पाया किंवा अंडर-रीम्ड पाइल (तळाशी रुंद केलेले काँक्रीटचे खोल खांब) आणि भर घालून उंच केलेले जोते यांचा खर्च धरला, की स्वस्त प्लॉट स्वस्त राहत नाही.

कागदाचे म्हणाल, तर "गुंठेवारी आहे" आणि "गुंठेवारी नियमित झालेली आहे" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतजमिनीचे लहान तुकडे विकण्यावर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने बंधन घातले, म्हणून गरजू लोकांनी गुंठा-दोन गुंठे साध्या कागदावर घेतले आणि बिगरशेती परवानगीविना, मंजूर रेखांकनाविना घरे बांधली. सांगलीत अशा वस्त्या मोठ्या प्रमाणावर आहेत आणि त्यांत राहणाऱ्या कष्टकरी माणसांचा त्यात दोष नाही. २००१ साली राज्याने त्यांच्यासाठी गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा केला. २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला ती संधी मिळाली. परंतु ही सवलत आपोआप लागू होत नाही. अर्ज करून, शुल्क भरून त्या विशिष्ट भूखंडाचे नियमितीकरण प्रमाणपत्र मिळालेले असावे लागते, आणि आरक्षणाखालील किंवा निळ्या पूररेषेच्या आतील जागेला ते मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

नोटरीच्या कागदाने जमिनीची मालकी आपल्याकडे येत नाही. नोंदणीकृत खरेदीखत झाल्याशिवाय सात-बारा किंवा मिळकत पत्रिकेवर नाव लागत नाही आणि बँक त्यावर कर्जही देत नाही. मालकांकडे नियमितीकरणाचे मूळ प्रमाणपत्र, मोजणीचा नकाशा आणि चालू वर्षाची घरपट्टीची पावती मागा. ती मिळाल्यास वकिलाकडून मागील ३० वर्षांच्या मालकीच्या नोंदींचा शोध घेऊन मगच पुढे जा. ती मिळण्यास "जरा वेळ लागेल" असे उत्तर आले, तर प्रमाणपत्र येईपर्यंत एक रुपयाही देऊ नये. आणि सगळी कागदपत्रे चोख निघाली, तरी येत्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, दोन दिवस पाऊस लागून राहिल्यावर, तासगावहून गाडी काढून त्या प्लॉटपर्यंत जाण्याचा प्रयत्न करावा. गाडी कोपऱ्यावर लावून पुढे पायी जावे लागले, तर व्यवहार तेथेच सोडून द्यावा.